यजमानाची सही

धामणगावच्या बाजारपेठेत ज्याचे कापडाचे, किराण्याचे किंवा बी-बियाणांचे लहानसे दुकान आहे, अशा गृहस्थाने आपले कराचे काम कोणाच्या हाती सोपवावे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा वाटतो, आणि चार शेजाऱ्यांना विचारून, फीची थोडी घासाघीस करून, तो बहुधा त्याच पातळीवर मिटवलाही जातो. परंतु क्षणभर थांबून विचार केला म्हणजे ध्यानात येते की, या साध्या प्रश्नाच्या पोटात धर्मशास्त्राला आणि मीमांसेला फार प्राचीन काळापासून पडत आलेला एक गहन प्रश्न दडलेला आहे. जे कर्म माझ्या नावाने होते, पण माझ्या हातांनी होत नाही, त्याचे फळ कोणाचे आणि त्यातला दोष कोणाच्या माथी?

वैदिक यज्ञसंस्थेपुढे हा प्रश्न अगदी रोकडा उभा होता. सोमयागासारखे मोठे कर्म एकट्या यजमानाच्याने होणारे नव्हे. मंत्र वेगळे, गायन वेगळे, आहुती वेगळी, आणि प्रत्येकाचे शास्त्र जन्मभर अभ्यासावे इतके विस्तृत. म्हणून सोळा ऋत्विजांचे वरण करावयाचे, त्यांना दक्षिणा द्यावयाची आणि त्यांच्याकरवी कर्म सिद्धीस न्यावयाचे, अशी व्यवस्था ठरली. मग स्वाभाविकच शंका निघाली की, हात ज्यांचे राबले त्यांना स्वर्ग की ज्याने संकल्प सोडला त्याला? जैमिनींच्या मीमांसेने तिसऱ्या अध्यायात यावर दिलेला निर्णय असा की, फळ यजमानाचे; ऋत्विज दक्षिणेने नेमलेले असून त्यांचा मोबदला दक्षिणेतच संपतो. पण या निर्णयाची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. अध्वर्यूने आहुती अग्नीत टाकली तरी ‘हे आता माझे नव्हे’ असा त्याग यजमानालाच उच्चारावा लागतो. दीक्षा त्यालाच घ्यावी लागते, क्षौर त्याचेच होते, दुधावर राहण्याचे व्रतही त्याचेच असते. हात भाड्याने मिळतात, विद्या दक्षिणेने मिळते; त्याग आणि व्रत मात्र दुसऱ्याकडून करवून घेता येत नाहीत. ही सीमा आपल्या पूर्वजांनी इतक्या काटेकोरपणे आखली की, आजच्या एका अत्यंत रुक्ष कायद्यात तिचाच पुनरुच्चार आढळतो तेव्हा मन थक्क होते.

तो कायदा म्हणजे वस्तू व सेवा कराचा २०१७ चा केंद्रीय अधिनियम. त्याच्या ४८ व्या कलमाने व्यापाऱ्याच्या वतीने विवरणपत्रे भरणाऱ्या व्यावसायिकाला मान्यता दिली आहे. आणि त्याच कलमात पुढे स्पष्ट बजावले आहे की, भरलेल्या तपशिलाच्या खरेपणाची जबाबदारी ज्याच्या नावाने ते भरले त्या नोंदणीकृत व्यापाऱ्याकडेच राहील. मुखत्यारपत्र दिले, फी दिली, सगळे दफ्तर त्याच्या कपाटात ठेवले, तरी उत्तरदायित्व दुकानाच्या गादीवरून हलत नाही. सल्लागाराच्या हातून जाणूनबुजून खोटेपणा झाला तर त्याला वेगळी शिक्षा आहे, हे खरे. पण व्यापाऱ्याची सुटका त्याने होत नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहा. महिन्याची २० तारीख. विवरणपत्राचा शेवटचा दिवस. संध्याकाळची वेळ, दुकानात लग्नाच्या बस्त्याची मंडळी बसलेली, गादीवर पातळांचा ढीग पडलेला आणि दुकानदाराच्या एका हातात मीटरपट्टी. फोन वाजतो. “भाऊ, ओटीपी आला असन, सांगा लवकर, पोर्टल बंद पडते.” दुकानदार चष्मा कपाळावर सारून सहा आकडे मोठ्याने वाचतो, “झालं न?” म्हणून विचारतो आणि पुन्हा पातळाची घडी उलगडू लागतो. त्या सहा आकड्यांनी त्याने काय केले? या महिन्यात माझी विक्री अमुक, त्यावरचा कर अमुक, मागच्या खरेदीवरची वळती अमुक, आणि हे सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे, अशी सरकारदरबारी ग्वाही दिली. वही मात्र त्याने पाहिली नाही, आकडा त्याला कोणी सांगितला नाही आणि त्यानेही तो विचारला नाही. यज्ञातील त्यागाच्या उच्चाराला जे स्थान, तेच येथे त्या सहा आकड्यांना आहे. आणि नेमका तोच भाग, जो परक्याकडून करवून घेता येत नाही म्हणून शास्त्राने राखून ठेवला, तो आपण बस्ता दाखवता दाखवता उरकून टाकतो.

याचा सारा दोष दुकानदाराच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस त्या रुळांवरून जाऊ लागला. स्टेशनालगत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि पेढ्या उभ्या राहिल्या, तेव्हा हिशेब राखणारा मुनीम पेढीवरच बसत असे. कीर्द, खतावणी, रोजमेळ हे सगळे मालकाच्या नजरेसमोर लिहिले जाई, आणि दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी ज्या वहीवर कुंकवाने ‘श्री’ काढायची ती वही मालकाला वाचता येत असे. विश्वास आणि ज्ञान एकाच तक्क्याला टेकून बसलेले होते. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडचा विक्रीकर कायदा १९४७ साली आला. राज्यपुनर्रचनेनंतर त्याच्या जागी १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला. २००५ साली मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांनी हे सगळे स्थित्यंतर एकाच दुकानात बसून पाहिले. प्रत्येक कायद्यासरशी वही मालकाच्या डोळ्यांपासून थोडी दूर गेली, आणि आज ती अमरावतीच्या किंवा यवतमाळच्या कोणा कार्यालयातल्या संगणकात आहे. न समजणाऱ्या गोष्टीवर भरवसा टाकण्यावाचून लहान व्यापाऱ्याला गत्यंतर नाही. म्हणूनच सल्लागाराची निवड हा श्रद्धेचा प्रश्न होतो, आणि श्रद्धेच्या प्रश्नाला श्रद्धेचेच नियम लावून पाहिले पाहिजेत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि श्रद्धा म्हटली की ती उत्तमच, हा समज तेथेच निकालात निघतो. आपल्या परंपरेने गुरूवर अपार निष्ठा ठेवावयास सांगितले खरे, पण त्याआधी गुरू पारखून घ्यावयासही तितक्याच आग्रहाने सांगितले. समर्थांच्या दासबोधात पाचव्या दशकात गुरुलक्षणाचा समास आहे आणि त्याला लागूनच शिष्यलक्षणाचा. या दोन समासांच्या शेजारपणात मला मोठा अर्थ दिसतो. परीक्षा दोघांची आहे. जो सल्लागार पहिल्याच भेटीत काहीही न विचारता ‘सगळं करून देतो, काळजी करू नका’ म्हणतो, त्याच्यापासून सावध राहावे; कारण ज्याने शिष्य पारखला नाही त्याला विद्येची चाड नाही. उलट जो बँकेचे खातेउतारे मागतो, मार्चअखेर दुकानात माल किती शिल्लक होता आणि तो मोजला कोणी म्हणून विचारतो, उधारीच्या वहीतले जुने येणे खरोखर येणार आहे काय याची रुजुवात घेतो आणि तफावत दिसली की कागद पुढे सरकवून कैफियत मागतो, तो पहिल्या दिवशी त्रासदायक वाटला तरी त्याच्याच हाती दफ्तर द्यावे.

विद्येची परीक्षा मात्र आपल्या धंद्याच्या मातीतच घ्यावी लागते. उदाहरणार्थ कापूस घ्या. शेतकऱ्याला या करात नोंदणी करावी लागत नाही. म्हणून नोंदणीकृत जिनवाला त्याच्याकडून कापूस घेतो तेव्हा शेकडा ५ कर घेणाऱ्यानेच भरावयाचा, अशी तरतूद नोव्हेंबर २०१७ पासून आहे. हा कर वळतीतून भागवता येत नाही, रोख भरावा लागतो. मग रुईच्या विक्रीवरच्या करातून त्याची वळती मिळते. एवढे समजले नाही तर ऐन हंगामात, जेव्हा दिवसाला गाड्यांच्या रांगा लागतात आणि प्रत्येक शेतकऱ्याला पैसा चुकता करावयाचा असतो, तेव्हा भांडवल कोठे अडकणार याचा अंदाज चुकतो आणि वर्षभराने नोटीस येते. मोठ्या शहरात नावाजलेला, पण कापसाचा हंगाम न पाहिलेला सल्लागार येथे अडखळेल. गावातला साधा करव्यावसायिक, ज्याने चार जिनांची वही लिहिली आहे, तो अडखळणार नाही. पदवीचा मान राखूनही हे म्हणावे लागते. वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल त्या दुकानाला आपल्या राज्यात सामान्यतः नोंदणीचीच सक्ती नाही. आणि दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला आपसमेळ योजनेत शेकडा १ भरून मोकळे होता येते. ज्या सल्लागाराने दुकानदाराला हे आपण होऊन सांगितले, त्याने आपली काही फी बुडवून घेतली. आणि तेवढ्यावरूनच त्याची परीक्षा झाली असे मी समजेन.

फीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे अधिक बोलणे मला आवश्यक वाटते, कारण येथे धर्म आणि अधर्म यांची सीमा सर्वांत स्पष्ट दिसते. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा. त्या वर्षी १ जुलै रोजी स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेच्या बोधचिन्हात गरुड आहे आणि बोधवाक्य कठोपनिषदातले. इतर सारे झोपले असता जो जागा राहतो त्या पुरुषाचे ते वर्णन. उपनिषदात हे आत्मस्वरूपाविषयी आहे, आणि एका व्यवसायाने ते आपल्या माथ्यावर धारण करावे यात मला औचित्यभंग मुळीच वाटत नाही. दुसऱ्याच्या झोपेत जागे राहणे हीच त्या व्यवसायाची दीक्षा आहे. याच कायद्याने लेखापालाला काही अपवाद वगळता नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निष्पन्न होणाऱ्या फळावर फी आकारण्याची मनाई केली आहे. या मनाईचे मर्म यज्ञाच्या दृष्टान्ताने उलगडते. ऋत्विजाला दक्षिणा मिळते, स्वर्गातला वाटा मिळत नाही. त्याला फळात भागीदार केले असते तर विधीत जेथे जेथे फळ वाढविण्याची शक्यता दिसली असती तेथे तेथे त्याचा हात वळला असता, आणि चुकीला चूक म्हणण्याची त्याची शक्ती संपली असती. पगारदार मास्तरांना, कारखान्यातल्या कामगारांना आणि छोट्या दुकानदारांना ‘परतावा मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणून सांगणारे इसम जागोजाग भेटतात. न दिलेल्या देणग्या आणि न भरलेले विम्याचे हप्ते दाखवून परतावा काढला जातो, वाटणी होते, आणि दोन वर्षांनी जेव्हा खुलासा मागणारी नोटीस येते तेव्हा तो इसम फोन उचलत नाही. आधी ठरलेली, कामाच्या प्रमाणात असलेली, पावती देऊन घेतलेली फी ही सचोटीची पहिली खूण. दुसरी खूण अशी की, सनदी लेखापालाने सही केलेल्या प्रत्येक दाखल्यावर २०१९ पासून एक अठरा अंकी क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे कोणालाही संस्थेच्या पोर्टलवर पाहता येते. तिसरी खूण अगदी घरगुती, पण सर्वांत महत्त्वाची: पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल दुकानदाराचा आहे की सल्लागाराचा? जेथे दोन्ही सल्लागाराचे आहेत तेथे नोटीससुद्धा मालकाला कळत नाही, आणि यजमान स्वतःच्या यज्ञाबाहेर उभा राहतो.

संत एकनाथांची एक आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक निघेना, म्हणून एकनाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या चाळीत बसले, आणि ती चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. गुरूंनी ते पाहून म्हटले की, एका पैसाठी एवढी तन्मयता, तर हीच तन्मयता परमेश्वराकडे लागली तर काय होईल! कीर्तनकार बहुधा येथून थेट परमार्थाकडे वळतात आणि पै मागे राहते. मला त्या पैपाशी थांबावेसे वाटते. गुरूंनी हिशेब क्षुद्र म्हणून फेकून द्यावयास सांगितले नाही. ज्या चित्ताला एका पैचे असत्य सहन होत नाही तेच चित्त पुढच्या वाटेला योग्य आहे, हे त्यांनी ओळखले. सत्याची सवय लहान ठिकाणी लागते. आणि त्या पैचा शोध घेतला नसता तरी कोणाचे काही मोठेसे बिघडले नसते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. रक्कम वसूल होण्यासाठी ती जाग नव्हती, वही खरी असावी म्हणून होती. असा एखादा माणूस आपले दफ्तर सांभाळावयास मिळणे हे भाग्य आहे, आणि त्याची फी थोडी अधिक असली तरी ती देण्यात कसूर करू नये.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे बहुधा प्रामाणिक लोकच असतात. जो पैसा सरकारजमा होतो त्याचे पुढे काय होते हे दिसत असताना, रस्त्यातले खड्डे आणि दवाखान्यातली औषधांची वानवा समोर असताना, लहान माणसानेच तेवढे हरिश्चंद्र का व्हावे? या आक्षेपात वेदना आहे आणि ती खरी आहे. कायद्याने दिलेली प्रत्येक सवलत घ्यावी. अधिक कर भरणे हा काही धर्म नव्हे. १९८५ साली मॅक्डॉवेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही कायद्याच्या चौकटीतील करनियोजन वैध मानले आणि कर चुकविण्यासाठी रचलेले बनाव मात्र त्या चौकटीबाहेर ठेवले. पण आक्षेपाचे खरे उत्तर सरकारच्या बाजूने देण्याचे कारणच नाही. ते बाजारपेठेच्या बाजूने द्यावे लागते. ‘बिल पाहिजे की बिगर बिलाचं?’ असे विचारून जो सिमेंट किंवा लोखंड विकतो, तो सरकारचे बुडवण्याच्या आधी शेजारच्या दुकानदाराचे बुडवतो. पक्के बिल फाडणाऱ्याचा भाव त्या कराइतका चढा दिसतो, गिऱ्हाईक उठून समोर जाते, आणि दोन हंगामांत त्यालाही तीच वाट धरावी लागते. कच्च्या चिठ्ठीवर कापूस देणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती भावाचा आणि वजनाचा कसलाच पुरावा राहत नाही. तक्रार करावी तर कोणत्या कागदावर? असत्य वहीचे पहिले बळी राजधानीत नसतात, ते याच रेल्वे फाटकाच्या अलीकडे-पलीकडे असतात. म्हणून ज्या सल्लागाराची ख्याती ‘दोन नंबरचं नीट बसवून देतो’ अशी आहे, त्याची निवड करणारा आपल्याच शेजाऱ्याविरुद्ध एक माणूस नेमतो, हे माझे ठाम मत आहे; आणि त्या निवडीत अज्ञानाची सबब चालत नाही, कारण त्याची कीर्ती ऐकूनच आपण त्याच्या दारी गेलेलो असतो.

चूक मात्र कोणाच्याही हातून होईल. यज्ञात ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज असे. तो वेदीच्या दक्षिणेस बहुतेक मौन धरून बसे आणि इतरांच्या मंत्रात, क्रियेत कोठे न्यून पडते आहे ते पाहत राही. प्राचीन ग्रंथांतच शंका उपस्थित केली आहे की, जो गप्प बसतो त्याला दक्षिणा कशाची. आणि उत्तर दिले आहे की, तो यज्ञाचा वैद्य आहे. न्यून दिसताच प्रायश्चित्ताने ते भरून काढणे हे त्याचे कर्म. चांगल्या सल्लागाराची हीच कसोटी लावावी: मागच्या तिमाहीत वळती जास्त घेतली गेली हे त्याच्या ध्यानात आले तर तो झाकून ठेवतो, की स्वतः दुकानात येऊन, आकडा दाखवून, व्याजासह रक्कम आपण होऊन भरावयास लावतो? कायद्याने अशा स्वेच्छेने भरावयाच्या रकमेसाठी मार्ग ठेवला आहे, आणि नोटिशीच्या आधी भरणाऱ्याला दंडाच्या बाबतीत पुष्कळ सवलतही ठेवली आहे. स्वतःची चूक यजमानापुढे उघड करण्याचे धैर्य ज्याला आहे, त्याला एका चुकीसाठी सोडू नये.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात या संबंधाविषयी एक दंडविधान आहे. कर्माला समर्थ आणि निर्दोष अशा ऋत्विजाला जो यजमान टाकून देतो त्याला शंभराचा दंड. आणि तशाच यजमानाला जो ऋत्विज टाकून देतो त्यालाही तितकाच. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज आपण त्याज्य मानतो आणि मानल्याच पाहिजेत. परंतु दोघांना सारखा दंड सांगणारा हा नियम न्यायाचा आहे. पाचशे रुपये कमी घेणारा दुसरा मिळाला म्हणून ऐन मार्चमध्ये जुन्या माणसाला सोडणे, किंवा मोठे गिऱ्हाईक आले म्हणून लहान दुकानदाराचे कागद महिनोन्‌महिने धूळ खात ठेवणे, हे दोन्ही त्या दंडाचे विषय आहेत. मात्र सामर्थ्य नाही किंवा निर्दोषपणा नाही अशी खात्री पटली तर सोडण्यात संकोच बाळगू नये. पूर्वीच्या सनदी लेखापरीक्षकाची जागा घेणाऱ्या नव्याने आधी जुन्याला लेखी कळवावे, असा त्या व्यवसायाचाच नियम आहे, आणि तो पाळला जातो आहे ना, हे दुकानदाराने विचारून घ्यावे. म्हणजे सोडण्याचे खरे कारणही नव्याच्या कानी जाते. जुन्याची फी चुकती करावी, आपले सगळे कागद यादी करून परत घ्यावेत, पोर्टलचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा; आणि पुढच्या २० तारखेला ओटीपी सांगण्याआधी विक्रीचा आकडा फोनवर वाचून घेऊन तो आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहावा, मग बस्त्याची मंडळी पाच मिनिटे खोळंबली तरी चालेल.